डबा तेलाचा, गिटार विजेवरची

लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात बेंजो ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. टेम्पोवर बांधलेले कर्णे, मागं ढोल-ताशा, आणि पुढं एका माणसापाशी आडवी ठेवलेली लांबट पेटी. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी. आपण या पेटीला बेंजो म्हणतो, पण अमेरिकेतला बँजो वेगळा. त्याला डफासारखं कातडं ताणलेलं असतं. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं माहेर जपानात, नागोया शहरात. तिथं १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं हे बटणांचं तंतुवाद्य तयार झालं. ते आपल्याकडे आलं, त्याचं नाव बदललं, आणि पुढं कुणीतरी त्याच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. तेव्हापासून ही हातभर पेटी अख्ख्या वरातीला नाचवते आहे.

हे मुद्दाम आधी सांगितलं. ‘इलेक्ट्रिक गिटार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी, झगमगीत आणि आपल्याला न परवडणारी वस्तू येते. प्रत्यक्षात त्याच तत्त्वावर चालणारं वाद्य दर लग्नसराईत आपल्या दारावरून जात असतं. तेव्हा आज बोलायचं आहे ते असं वाद्य घरी बनवण्याविषयी, आणि तेही गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यापासून.

डब्याचं वाद्य ही काही थट्टा नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे तरी काय? पाणी नेण्यासाठी माणसानं शेकडो वर्षं वापरलेलं भांडंच की! शाहिराच्या मागं वाजणारं तुणतुणं बघा. पोकळ नळकांडं, तळाला कातडं, त्यातून निघालेली एक तार आणि ती ताणून धरणारी काठी. हे नळकांडं लाकडाचं असतं, तसं पत्र्याच्या डब्याचंही चालतं. दक्षिण आफ्रिकेत ‘रामकी’ नावाचं वाद्य आधी भोपळ्याचं होत असे, नंतर तेलाच्या डब्याचं होऊ लागलं. पॅराग्वे देशात कातेउरा या कचरा डेपोशेजारच्या वस्तीतली मुलं तर टाकाऊ पिंपांची आणि डब्यांची व्हायोलिनं, चेलो वाजवत जगभर फिरून आली.

आता खरा प्रश्न. साध्या गिटारीत डबा, म्हणजे तिचं पोट, फार महत्त्वाचं असतं. तार बारीक असते, ती हवा फारशी हलवू शकत नाही. तिची थरथर घोडीवाटे वरच्या पातळ लाकडी फळीला मिळते, फळी हवा हलवते, तेव्हा कुठं आवाज आपल्या कानाशी येतो. इलेक्ट्रिक गिटारीत हा सगळा रस्ता बदलतो. तारेखाली चुंबक असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ असल्यानं ती स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं हेच तत्त्व. आपल्या जुन्या सायकलच्या डायनॅमोत तेच होतं. वीज अगदी थोडी, एका व्होल्टच्याही बरीच खाली. पण ती अ‍ॅम्प्लिफायरला पुरते.

म्हणजे इथं डब्यानं आवाज करायचाच नाही! जॉर्ज बोशाँ या अमेरिकन वादकानं १९३१ साली जी पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार उभी केली, तिचं पोट भरीव अ‍ॅल्युमिनियमचं, गोल आणि चपटं होतं. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे आपला तवा. पुढं लेस पॉलनं चौकोनी वाशाच्या तुकड्यावर तारा चढवल्या आणि त्याला ‘लॉग’, म्हणजे ओंडका म्हटलं. १९६३ साली लंडनजवळ ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलानं वडिलांच्या मदतीनं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं वापरून गिटार केली. तीच गिटार त्यानं पुढं ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडमध्ये आयुष्यभर वाजवली. (या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे जाता जाता.)

करायला घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. पैसे वाचवायचे म्हणून हा उद्योग करू नका. नवशिक्याची साधी गिटार आता दोन-अडीच हजारांत मिळते. तारा, खुंट्या, जॅक हे सगळं विकत आणलं तर बचत फार होत नाही. हे करायचं ते तार, चुंबक, वेटोळं आणि सूर यांचं नातं आपल्या हाताला कळावं म्हणून. शिरूर तालुक्यातच पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच भूमिकेतून. पुस्तकात न रमणारा मुलगा हातानं काम करता करता शिकतो, हे त्यांचं म्हणणं होतं. २००२ साली तिथं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानं ‘फॅब लॅब’ ही प्रयोगशाळाही उभी राहिली. जगातल्या अशा पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी ती एक. पण आपल्या गिटारीला एवढ्या यंत्रांची गरज नाही. एक सुतार, एक मोटार रिवाइंडिंगवाला आणि भंगाराचं एक दुकान एवढं पुरे, आणि ही तिन्ही माणसं दौंडलाही भेटतात नि शिरूरलाही.

डबा घ्यायचा पाच लिटरचा, चौकोनी आणि चपटा. पंधरा किलोचा मोठा डबा मांडीवर मावत नाही. डबा खाण्याच्या तेलाचाच हवा. थिनरचा, पेट्रोलचा किंवा औषधफवारणीचा डबा अजिबात घेऊ नका. थिनर-पेट्रोलची वाफ रिकाम्या डब्यातही कोंडून राहते आणि कटरची ठिणगी किंवा सोल्डरची उष्णता लागली की भडका उडतो. कीटकनाशकाचं विष धुऊन जाईल याचीही खात्री नसते. तेलाचा डबा गरम पाणी आणि सोड्यानं दोनदा धुवा, उन्हात वाळवा. पत्रा कापल्यावर त्याच्या कडा पात्यासारख्या लागतात. जाड वायरचं प्लास्टिकचं आवरण उभं चिरून त्या कडांवर चढवलं की हात वाचतो.

पहिल्या वाद्याला सहा तारा नकोत, तीन पुरेत. याचं कारण ताण. गिटारीच्या सहा पोलादी तारा मिळून साधारण पंचेचाळीस किलोनं ओढत असतात. कांद्याची जवळजवळ भरलेली गोणी दांडीच्या टोकाला लटकवल्यासारखंच ते. तीन तारांचा ताण वीस किलोच्या आसपास येतो. तरीही पत्र्याला तो सोसवणार नाही, डबा मधूनच दुमडेल. म्हणून ताण डब्यावर यायलाच नको. एकच सलग लाकडी दांडी डब्याच्या एका टोकातून आत शिरते आणि दुसऱ्या टोकातून बाहेर निघते. खुंट्या तिच्या एका टोकाला, तारा अडकवायच्या दुसऱ्या टोकाला. डबा तिच्यावर नुसता चढवलेला असतो, अंगात घातलेल्या सदऱ्यासारखा. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान यासाठी सर्वांत छान. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पावसाळ्यात वाकत नाही. सुताराकडून नव्वद सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड अशी पट्टी रंधून घ्या. डब्याच्या बाहेर राहणाऱ्या भागावर वरून आणखी एक पातळ फळी चिकटवली की दांडीची पातळी डब्याच्या वर येते.

डब्यात दांडी वरच्या पत्र्याला लागून जाईल अशी बसवायची आणि त्या पत्र्याला दोन खिडक्या कापायच्या. एकीतून चुंबकाचं वेटोळं दांडीवर बसेल, दुसरीतून घोडी. दोन्ही गोष्टी लाकडावरच टेकल्या पाहिजेत, पत्र्यावर नाही. याचं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. डब्याचा पत्रा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं पोलाद. चुंबक त्याला चिकटतो. वेटोळं पत्र्याला टेकलं तर चुंबकाची शक्ती तारेकडे जाण्याऐवजी पत्र्यात शिरते, आणि पत्रा थरथरला की त्याचाही खडखडाट स्पीकरमधून येतो. म्हणून वेटोळ्याभोवती सगळीकडून बोटभर मोकळी जागा ठेवायची.

आता वेटोळं. इथं रिवाइंडिंगवाल्याची गाठ घ्यावी लागते. ऊस आणि कांद्याच्या या भागात विहिरीवरची मोटार जळणं ही नेहमीची गोष्ट, त्यामुळं रिवाइंडिंगची दुकानं गावोगावी. पण पंपाच्या मोटारीची तार आपल्या कामाची नाही, ती फारच जाड. आपल्याला हवी ४६ गेजची एनॅमल चढवलेली तांब्याची तार. जाडी सुमारे सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. ही तार मोठ्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रिळावर मिळते. रिवाइंडिंगवाल्याचं खरं काम पुढं आहे. त्याच्याकडे वेढे मोजणारं हातानं फिरवायचं यंत्र असतं. हातानं सात हजार वेढे मोजत बसलात तर तीन हजारांच्या पुढं आकडा चुकणार, हे ठरलेलं.

जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या दोन पट्ट्या कापायच्या, साडेचार सेंटिमीटर लांबीच्या. त्यांत तीन भोकं पाडून तीन लोखंडी खिळे बसवायचे, प्रत्येक तारेखाली एक. दोन पट्ट्यांमधल्या जागेत, खिळ्यांना आधी एक पदर चिकटपट्टी गुंडाळून, साधारण सात हजार वेढे द्यायचे. सगळी मिळून पाऊण किलोमीटर तार लागते! ताण अगदी हलका ठेवायचा, ही तार नुसत्या झटक्यानंही तुटते. झाल्यावर मल्टीमीटर लावला की चार-साडेचार हजार ओहम दाखवायला हवा. काहीच दाखवलं नाही तर तार आत कुठंतरी तुटली आहे, पुन्हा सुरुवात. खिळ्यांच्या खालच्या टोकांना कपाटाच्या दाराला असतो तो चुंबक चिकटवला की काम झालं. तयार वेटोळं मेणात बुडवून काढावं, म्हणजे आतले वेढे हलत नाहीत आणि शिट्टी वाजत नाही. मेण मात्र गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. ते पेट घेतं. तार आणि खिळा यांत तीन मिलिमीटर अंतर पुरे. आणि हो, तारा पोलादीच हव्यात. पितळेच्या किंवा नायलॉनच्या तारेची या वेटोळ्याला खबरच लागत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर दुसरा रस्ता आहे. बझरमध्ये असते ती पितळी चकती, पिझो. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० साली शोधून काढलं, त्याच गुणधर्मावर ही चकती चालते. थोड्या रुपयांत मिळते, डब्याला आतून चिकटवायची की झालं. पण ती ऐकते डब्याची थरथर, तारेची नाही. मग घोडी पत्र्यावर ठेवावी लागते आणि आवाज येतो पत्र्याचाच, थोडा किनरा. काहींना तो आवडतो. मला विचाराल तर वेटोळ्याचा आवाज जास्त भरदार.

आता सर्वांत महत्त्वाचं. वाद्याच्या तारा, घोडी आणि डबा हे सगळं एका वायरनं जॅकच्या जमिनीकडच्या टोकाला जोडायचं असतं. त्यानं डबा वेटोळ्यावरून एखाद्या छत्रीसारखा काम करतो आणि आसपासच्या विजेच्या तारांची घरघर कमी होते. पूर्ण जात नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वाजवणाऱ्याचा हात सतत अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायर सदोष असेल, घरात अर्थिंग नसेल किंवा कुणी तीन पिनांमधली मोठी पिन मोडून दोन पिनांवर काम भागवलं असेल, तर तीच वीज तारांवर येते. एक हात तारेवर आणि ओठ माइकला, शिवाय पायाखाली ओली जमीन. अशानं माणसं दगावली आहेत. जनरेटरवर चालणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या मिरवणुकीत तर हा धोका दुपटीनं. म्हणून घरी केलेलं वाद्य मुलांनी फक्त बॅटरीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावावं. ‘एलएम ३८६’ नावाची आठ पायांची चिप, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन-चार कपॅसिटर आणि बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर. आवाज खोलीपुरताच, आणि शिकायला खोलीपुरताच हवा. हा नियम पालकांनी मोडू देऊ नये, मुलगा कितीही हट्ट करो.

राहिला सूर. घरगुती गिटारी बहुधा इथंच फसतात. दांडीवरचे पडदे अंदाजानं बसवले की वाद्य दिसतं छान पण कधी सुरात लागत नाही, आणि त्यावर शिकणाऱ्या मुलाचा कान बिघडतो. हे नुकसान पुढं भरून काढणं फार अवघड. पडद्यांचं गणित खरं तर सोपं आहे. तारेची मोकळी लांबी १७.८१७ नं भागली की पहिल्या पडद्याचं अंतर मिळतं. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्यानं भागली की दुसऱ्याचं. साडेबासष्ट सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३.५१ सेंटिमीटरवर, त्यापुढचा आणखी ३.३१ वर, असं करत बारावा बरोबर मध्यावर.

पण माझा सल्ला असा की पहिल्या वाद्याला पडदे बसवूच नका. तारा दांडीपासून जरा उंच ठेवा, वाद्य मांडीवर आडवं घ्या आणि डाव्या हातात औषधाची छोटी काचेची बाटली धरून ती तारांवरून सरकवा. हवाईयन गिटार अशीच वाजते. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हिंदुस्तानी राग गिटारीवर आणले ते याच पद्धतीनं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांनी ऐकली असेल. पडदा नसला की मींड निघते, आणि आपल्या कानाला मींडेशिवाय चैन कुठं पडतं?

तीन तारा बाजारातल्या गिटारीच्या संचातल्याच घ्या: पाचवी, चौथी आणि तिसरी. पाचवी थोडी उतरवून पांढरी पाचवर, तो खालचा सा. चौथी पांढरी दोनवर, तो पंचम. तिसरी पुन्हा पांढरी पाचवर, वरचा सा. सा-प-सा, तंबोऱ्याच्या वळणाचं. शेजारी पेटी नसेल तर मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप मिळतं, त्यावर जमवा. आता दांडीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या, वरच्या टोकाच्या तारगहनपासून मोजत: रिषभ ६.९ सेंटिमीटरवर, गंधार १२.५, मध्यम १५.६, पंचम २०.८, धैवत २५, निषाद २९.२ आणि तार षड्ज ३१.२५ वर. बघा, मध्यम तारेच्या पावभागावर आला, पंचम तिसऱ्या भागावर, तार षड्ज बरोबर अर्ध्यावर. यातला गंधार कारखान्यातल्या गिटारीच्या पडद्याशी जुळणार नाही. तिचा पडदा जवळजवळ चार मिलिमीटर पुढं असतो, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र आपल्या पेन्सिलीच्या खुणेवरच सापडतो. डब्याच्या वाद्यानं दुकानातल्या वाद्यावर केलेली एवढी कुरघोडी पुरे!

बाटली खुणेच्या बरोबर वर हवी, अलीकडे-पलीकडे नाही, आणि दाब अगदी हलका. डबा खडखडला तर खिडकीतून आत जुन्या साडीचे बोळे कोंबा, आवाज लगेच बसतो. पहिले आठ-दहा दिवस तारा रोज उतरतील, कारण नवी तार ताणली जात असते आणि लाकूडही ताण घ्यायला शिकत असतं. रोज सकाळी खुंट्या पिळून सा लावून घ्यायचा आणि मग बाटली हातात घ्यायची.